फॉरमॅट मारण्याआधी

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

तालुक्याच्या गावी एसटी स्टँडजवळ या ताईंचं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं, वास्तुशांतीची कार्डं अशी कामं त्या गेली वीस वर्षं एकट्या करतात. वय सत्तावन्न. कॉम्प्युटर २०१२ साली असेंबल करून घेतलेला. त्यात विंडोज ७, पानं मांडायचं पेजमेकर आणि मराठी टायपिंगचं श्रीलिपी. श्रीलिपी डोंगलवर, म्हणजे पोर्टला लावलेल्या परवान्याच्या छोट्या तुकड्यावर चालतं. चार महिन्यांपूर्वी एका गिऱ्हाईकाची पीडीएफ वर्डमध्ये करून हवी होती, म्हणून त्यांनी नेटवरून एक मोफत कन्व्हर्टर उतरवून घेतला. तेव्हापासून क्रोम उघडायलाच चार-पाच मिनिटं लागतात. गूगलवर काही शोधावं तर भलतंच सर्चचं पान उघडतं. उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले’ असे चौकोन येत राहतात, त्यात एक फोन नंबरही असतो. मधूनच नको त्या जाहिराती. मुलीच्या पत्रिकेचं प्रूफ बघायला आलेल्या एका वडिलांसमोर तशीच एक जाहिरात उघडली. “मेल्याहून मेल्यासारखं झालं,” असं त्या लिहितात.

पुण्यात नोकरी करणारा मुलगा म्हणतो, भंगारात घाल, नवा लॅपटॉप पाठवतो. गावातला कॉम्प्युटरवाला म्हणतो, फॉरमॅट मारून देतो, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकतो, नव्यासारखा पळेल. श्रीलिपी परत चालेल का आणि इतक्या वर्षांचं मॅटर कुठे जाईल, या काळजीनं त्यांनी दोघांनाही हो म्हटलेलं नाही. “चूक माझीच आहे. मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. फेकू, की फॉरमॅट मारू?”

उत्तर:

ताई,

त्या वडिलांसमोरचा प्रसंग वाचून मी तुमचं पत्र जरा वेळ बाजूला ठेवलं. बाईमाणसाच्या दुकानात, चार लोकांसमोर असं काही पडद्यावर यावं, यातली शरम मला समजते. म्हणून आधी तिच्याबद्दल बोलते. त्या जाहिराती तुम्ही काही पाहिलंत म्हणून आलेल्या नाहीत. एखादं पान ‘तुम्ही रोबो नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा’ असं सांगतं. घाईत आपण दाबतो. त्या एका बटणानं आपण त्या पानाला कोपऱ्यात सूचना पाठवायची परवानगी देऊन बसतो. मग ते पान बंद केलं तरी चौकोन येतच राहतात. समोर कोण बसलंय, तिचं वय काय, ती काय काम करते, याचा पाठवणाऱ्याला पत्ताही नसतो. दर क्लिकमागे त्याला पैसे मिळतात, एवढाच त्याचा संबंध. ते गृहस्थ पुन्हा आले, तर ‘कॉम्प्युटर बिघडला होता, आता दुरुस्त केला’ इतकं सरळ सांगा. त्यांच्या फोनवरही असले चौकोन येऊन गेले असतील.

आता तो कन्व्हर्टर. मोफत सॉफ्टवेअरच्या पोटात दुसरं सॉफ्टवेअर घालून देण्याचा धंदा फार जुना आहे. बॅबिलॉन, कॉन्ड्युइट, आस्क असे टूलबार दहा-पंधरा वर्षांपूर्वी घरोघरच्या ब्राउझरवर न बोलावता येऊन बसत. २०१७ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीनं ‘फायरबॉल’ नावाच्या अशाच एका प्रकाराचा छडा लावला. तोही मोफत सॉफ्टवेअरच्या पाठीवर बसून यायचा आणि आधी होमपेज, मग सर्च इंजिन बदलायचा. जगभरात पंचवीस कोटी कॉम्प्युटर आणि त्यांतले अडीच कोटींहून जास्त भारतातले, असा त्यांचा अंदाज होता. हा आकडा फुगवलेला आहे, असं मायक्रोसॉफ्टनं नंतर म्हटलं. तो निम्म्यानं कमी धरला तरी तुम्ही एकट्या फसलात, असं होत नाही. ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ दाबणाऱ्या प्रत्येकासाठी तो सापळा लावलेला होता.

आणि ‘मला काही कळत नाही’ हे तुमचं वाक्य मला मान्य नाही. श्रीलिपीच्या कीबोर्डवर न बघता रफार आणि जोडाक्षरं बसवणारी, पेजमेकरमध्ये पत्रिकेच्या ओळी डोळ्यांनी जोखून सारख्या करणारी बाई कॉम्प्युटरमधलं पुष्कळ जाणते. हे एक अंग तुम्हाला कुणी दाखवलेलं नाही, इतकंच.

तुम्ही मला फेकू की फॉरमॅट मारू, असं विचारलंत. याहून तातडीची एक गोष्ट तुमच्या पत्रात एका ओळीत येऊन गेली. लाइट बिल, जीएसटीचं पोर्टल आणि बँक, सगळं तुम्ही याच क्रोममधून करता आणि पासवर्ड त्यातच सेव्ह केलेले आहेत. कॉम्प्युटर हळू चालतो याचा त्रास तुम्हाला दिसतो. सेव्ह केलेले पासवर्ड कुणी उचलून नेले, तर ते दिसत नाही. असल्या कन्व्हर्टरबरोबर येणाऱ्यांपैकी काही जण जाहिराती दाखवून थांबतात, तर काही ब्राउझरमधले पासवर्ड आणि लॉगिनच्या खुणा चोरतात. तुमच्याकडे कोण आलंय, हे बाहेरून सांगता येत नाही. तेव्हा चोरी झाली आहे, असंच धरून चला.

आज रात्रीच, दुकानाच्या कॉम्प्युटरला हात न लावता, स्वतःच्या फोनवरून हे करा. सगळ्यांत आधी ईमेलचा पासवर्ड बदला. बाकी सगळ्या खात्यांचे ‘पासवर्ड विसरलात का’चे निरोप तिथेच येतात, म्हणजे घराची मुख्य चावी तीच. गूगल खात्याच्या सिक्युरिटीमध्ये तुमची डिव्हायसेस दिसतात. तिथून दुकानाचा कॉम्प्युटर साइन आउट करा. पासवर्ड बदलूनही चोरलेलं लॉगिन कधीकधी तसंच चालू राहतं, म्हणून हे वेगळं करायचं. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खूण मागणारी सोय, चालू करा. मग बँक, मग जीएसटी. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडा आणि तिथलं सगळं लॉग आउट करा. गिऱ्हाइकांचं मॅटर तुम्ही दिवसभर व्हॉट्सॲप वेबवर घेता, म्हणून ते दार कायम उघडंच राहिलेलं असतं. बँकेच्या पासबुकात गेल्या चार महिन्यांच्या नोंदी एकदा डोळ्यांखालून घाला. ओळखीचा नसलेला एक रुपयाही गेलेला दिसला, तर बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा. तिथे जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे वाटेत थांबण्याची शक्यता जास्त.

त्या चौकोनातल्या नंबरवर मात्र फोन करायचा नाही. पलीकडचा माणूस गोड बोलून एनीडेस्कसारखं काहीतरी उतरवायला लावेल आणि तुमचा पडदा त्याच्या हातात जाईल. खरा अँटिव्हायरस फोन नंबर देऊन ‘बोलवा मला’ असं कधी म्हणत नाही.

हे झालं की रात्री नीट झोपा. उरलेल्या कामाला घाई नाही.

कॉम्प्युटर ‘स्लो झाला’ या दोन शब्दांत तीन वेगवेगळी दुखणी एकत्र बांधलेली असतात. यंत्राचं वय झालेलं असतं, ब्राउझरमध्ये कुणी शिरलेलं असतं, किंवा इंटरनेटची लाइनच मंद असते. तुमचा मुलगा पहिलं धरून बोलतोय, कॉम्प्युटरवाला दुसरं धरून. नेमकं काय आहे, हे दोघांनीही तपासलेलं नाही. तुम्ही तपासू शकता. इंटरनेटची वायर काढून पेजमेकरमध्ये नेहमीची पत्रिका उघडा. ती पूर्वीसारखीच झटकन उघडली, तर यंत्र ठणठणीत आहे, दुखणं ब्राउझरचं आहे. पेजमेकरही रडत असेल, तर हार्ड डिस्ककडे बघावं लागेल. दुकानाच्याच वायफायवर फोनही रखडत असेल, तर लाइनवाल्याला बोलवा. आणि फोनवरही तसलीच भलती पानं उघडत असतील, तर राउटरची सेटिंग कुणी बदलली आहे का, ते त्याच्याकडूनच तपासून घ्या. हे ऐकायला दूरचं वाटेल. पण डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेटिंग, बदलून लोकांना भलत्या पानांवर नेणाऱ्या एका टोळीला नोव्हेंबर २०११ मध्ये एस्टोनियात पकडलं, तेव्हा जगभरातले चाळीस लाखांवर कॉम्प्युटर तिच्या ताब्यात होते.

आणखी एक बारीक गोष्ट बघा. कॉम्प्युटर चालू केल्यावर कोपऱ्यातली तारीख बरोबर असते का? जुन्या मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो. तो संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि मग बँकेपासून गूगलपर्यंत प्रत्येक साइट ‘हे कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणते. लोक याला व्हायरस समजतात. दुकानात तो सेल अगदी किरकोळ पैशांत मिळतो.

आता फॉरमॅट. माझ्या मावसभावाचा छोटा छापखाना होता. ‘सी ड्राइव्हच मारतो, डीला हात लावत नाही’ असं सांगून दुरुस्तीवाल्यानं डिस्क नेली आणि आणून दिली ती पूर्ण कोरी. नऊ वर्षांच्या दिवाळी अंकांचं मॅटर गेलं. तो माणूस लबाड नव्हता, घाईत होता. तेव्हापासून माझा एकच हट्ट आहे: कॉपी हातात आल्याशिवाय फॉरमॅट हा शब्द कुणी तोंडातून काढायचा नाही.

तुमच्या बाबतीत तर फॉरमॅटनं सुटण्यापेक्षा अडकायलाच जास्त होईल. श्रीलिपीची सीडी सापडते का, डोंगलचा ड्रायव्हर परत बसतो का, पेजमेकरचा सिरियल नंबर कुठल्या वहीत आहे, हे सगळे प्रश्न त्या दिवशी उभे राहतील. आणि एवढं करूनही दुखणं परत येऊ शकतं. क्रोममध्ये तुम्ही गूगल खात्यानं साइन इन केलेलं आहे. एखादं वाईट एक्स्टेन्शन (क्रोमला जोडलेला छोटा प्रोग्राम) त्या खात्याशी जोडलं गेलं असेल, तर नव्या विंडोजवर, नव्या क्रोममध्ये साइन इन करताच ते आपोआप पुन्हा येऊन बसतं. मग सगळे म्हणतात, ‘व्हायरस हार्डवेअरमध्ये शिरलाय.’ तसं काही नसतं, आपणच त्याला खात्यातून परत आणलेलं असतं. शिवाय फॉरमॅटनंतर कॉम्प्युटरवाला कुठलं विंडोज टाकणार, हे विचारून ठेवा. फुकटात ‘ॲक्टिव्हेट’ करून देणाऱ्या क्रॅकमधून नवा पाहुणा येणं ही नेहमीची गोष्ट आहे.

आता मला तुम्हालाच एक प्रश्न विचारायचा आहे. तुमच्या पत्रात तो कुठेच नाही. या कॉम्प्युटरला इंटरनेट लागतंच का?

पेजमेकर ७ हे २००१ सालचं सॉफ्टवेअर. त्याला नेटची गरज नाही. डोंगलचं जुनं श्रीलिपी डोंगल बघतं, इंटरनेट नाही. प्रिंटर वायरवर आहे. म्हणजे ज्या कामावर तुमचं घर चालतं, त्यातलं एकही काम इंटरनेटवर अवलंबून नाही. नेट लागतं ते मॅटर घ्यायला, प्रूफ पाठवायला आणि बिलं भरायला. ही दोन कामं एकाच डब्यात यावीत, असा काही नियम नाही. फक्त २०१२ साली तसं बसवलं गेलं आणि तसंच चालत आलं.

विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० पासून सुरक्षा-दुरुस्त्या देणं बंद केलं. क्रोमची विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती १०९ वी, जानेवारी २०२३ ची. त्यानंतरची विंडोज १० पासून पुढेच चालते. तेव्हा आज तो कन्व्हर्टर मुळासकट उपटला, तरी तुमचा ब्राउझर जुन्या कुलपाचं दार आहे. ते कुलूप आता कुणी बदलून देणार नाही. बँकेचं काम त्यावर करणं मी माझ्या बहिणीला करू दिलं नसतं, तुम्हालाही सांगणार नाही. फायरफॉक्सनं विंडोज ७ साठी ११५ वी आवृत्ती बराच काळ दुरुस्त करत ठेवली, पण खालचं विंडोजच उघडं पडलेलं असताना तो आधार अपुराच.

म्हणून माझं मत असं: जुना कॉम्प्युटर फेकू नका आणि फॉरमॅटही मारू नका. त्याची इंटरनेटची वायर काढून घ्या आणि त्याला फक्त टायपिंग-पेजमेकरचं यंत्र म्हणून ठेवा. मुलानं देऊ केलेला लॅपटॉप आनंदानं घ्या, पण तो नेटच्या कामासाठी. व्हॉट्सॲप वेब, ईमेल, जीएसटी, बँक, सगळं त्यावर. लॅपटॉप येईपर्यंत फोनवर काम भागतं. मॅटर फोनवर घ्या आणि केबलनं कॉम्प्युटरमध्ये टाका.

हे करण्याआधी पहिलं काम कॉपीचं. स्कॅनही त्यानंतर. बारा-तेरा वर्षांची डिस्क मरणपंथाला लागलेली असू शकते. तिच्यावर रात्रभर फुल स्कॅन चालवला, तर तोच तिचा शेवटचा धक्का ठरू शकतो. एक बाहेरची हार्ड डिस्क आणा. पेजमेकरच्या आणि कोरलड्रॉ या चित्रांच्या सॉफ्टवेअरच्या फाइल्स, फॉन्टचं फोल्डर, गिऱ्हाइकांचे लोगो, हे सगळं तीत उतरवा. डाउनलोड केलेले प्रोग्राम आणि सेटअप मात्र घेऊ नका, रोग त्यांतूनच पुढे जातो. ज्या पत्रिकांचे नमुने परत परत लागतात त्यांच्या पीडीएफही काढून ठेवा, म्हणजे पेजमेकर कधी दगा देईल तेव्हा निदान छापता येईल. डोंगलच्या अंगावरचा नंबर, श्रीलिपीची आवृत्ती, पेजमेकरचा सिरियल नंबर यांचे फोटो काढा. डोंगल हरवला, तर सगळं थांबेल. तो पुढच्या पोर्टला लावलेला असेल तर मागच्याला लावा, म्हणजे येता-जाता हात लागणार नाही.

एक विनंती दुकानाच्या बाजूनंही. तुमच्या डाउनलोड्समध्ये गिऱ्हाइकांची आधार कार्डं, सात-बारे, पॅन कार्डं पडून असतील. लोकांनी ती प्रिंटसाठी पाठवली होती, ठेवायला नाही. काम झालेली पुसून टाका.

मग साफसफाई. यातलं बरंचसं तुम्ही स्वतः करू शकता, आणि इतर वाचकांनाही हेच लागू आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये बसवलेल्या प्रोग्रामची यादी उघडा आणि ती तारखेप्रमाणे लावा. कन्व्हर्टर ज्या दिवशी उतरवलात, त्या दिवशी त्याच्याबरोबर आणखी कोण कोण आलं, ते तिथे ओळीनं दिसेल. चोर ओळखायची याहून सोपी रीत मला माहीत नाही. ते सगळे काढा. क्रोममध्ये एक्स्टेन्शन्स बघा. तुम्ही स्वतः घातलेलं नाही ते काढा, शंका असेल तेही काढा. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या साइट्सची यादी तिथे असते. तुमचे ते चौकोन बहुतेक तिथूनच येताहेत. यादी रिकामी केलीत की बऱ्याच जणांचा ‘व्हायरस’ तिथेच संपतो.

शेवटी सेटिंग्जमधलं रिसेट. त्यानं होमपेज आणि सर्च इंजिन मूळपदावर येतं, एक्स्टेन्शन्स बंद होतात, साइट्सनी ठेवलेला तात्पुरता साठा जातो. बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड तसेच राहतात. तुमचे पासवर्ड आता नवे आहेत, तेव्हा इथले जुने पुसूनच टाका.

रिसेटनंतरही भलतं पान उघडलं तर? डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. ‘टार्गेट’च्या ओळीत प्रोग्रामच्या नावापुढे एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल, तर तो खोडा. हा डाव इतका साधा आहे की अनुभवी माणसंही तिथे बघायचं विसरतात. आणि क्रोमच्या मेनूत ‘तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित’ असं काही लिहिलेलं दिसलं, तर ते कॉम्प्युटरवाल्याला दाखवा. तुमच्या दुकानाला कुठली संस्था नाही. कधी हे अँटिव्हायरसमुळेही दिसतं, पण घुसखोर याच मार्गानं सेटिंग्ज कुलूपबंद करतात, आणि ते रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीतून, काढावं लागतं. ते काम जाणत्याच्याच हातचं.

स्कॅनसाठी, विंडोज ७ वर पुरेसा ताजा अँटिव्हायरस मिळणं आता कठीण झालंय. काही अँटिव्हायरस कंपन्या पेन ड्राइव्हवरून चालू होणारी मोफत रेस्क्यू डिस्क देतात. तिच्यात विंडोज चालूच होत नाही, म्हणून घुसखोराला लपायला जागा राहत नाही. भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेनं फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही साफसफाईची साधनं मोफत आहेत. ती लॅपटॉपवर उतरवून पेन ड्राइव्हनं न्या. मोफत अँटिव्हायरस जाहिरातीवर क्लिक करून कधी घेऊ नका, कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या.

वायर काढली तरी एक वाट उघडी राहते, ती पेन ड्राइव्हची. फोल्डरं गायब होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसणं हा प्रकार झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानांना नवा नाही. गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह जुन्या कॉम्प्युटरला लावूच नका. तो लॅपटॉपला लावायचा, स्कॅन करायचा, लागेल तेवढी फाइल दुकानाच्या स्वतःच्या पेन ड्राइव्हवर घ्यायची. एक लाल दोरीचा पेन ड्राइव्ह फक्त दोन यंत्रांमध्ये फिरणारा ठेवा. फोल्डरच्या नावाच्या शेवटी ‘ईएक्सई’ दिसलं, तर ते फोल्डर नाही. उघडू नका.

यंत्राच्या वयाबद्दल थोडं. पेजमेकरही हळू चालत असेल, तर रॅम वाढवायला सांगणाऱ्यांना आधी विचारा, विंडोज ३२ बिटचं आहे का. तसं असेल, तर चार जीबीच्या वर घातलेली रॅम ते वापरतच नाही आणि पैसे वाया जातात. खरा फरक पडतो तो फिरणाऱ्या डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क, घातल्यानं. त्यासाठीही फॉरमॅट लागत नाही. क्लोनझिलासारख्या मोफत साधनानं डिस्कची जशीच्या तशी नक्कल होते, श्रीलिपी-पेजमेकरसकट. साफसफाई आधी आणि नक्कल नंतर, एवढं ध्यानात ठेवा, नाहीतर घुसखोराचीही नक्कल होईल. जुनी डिस्क मग कपाटात, विम्यासारखी. कॅबिनेट उघडलेलंच असेल, तर पंख्यातली धूळही फुंकून घ्या. गरम झालेला प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो.

विंडोज १० वाले वाचकही हे वाचत असतील. त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव सुरक्षा-दुरुस्त्यांची सोय आहे, तिच्यासाठी नाव नोंदवावं लागतं. त्यांच्याकडे विंडोज सिक्युरिटीमध्येच ‘ऑफलाइन स्कॅन’ असतो, तो आधी चालवावा. ज्यांच्या जुन्या यंत्रावर श्रीलिपीसारखं अडून बसणारं काही नाही, फक्त ब्राउझर, पत्रं, सिनेमे एवढंच आहे, त्यांनी विंडोजच्या जागी चालणारं मोफत लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवरून चालवून बघावं. काही न पुसता आधी नुसतं बघता येतं. चार जीबीच्या यंत्रावर त्याची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती नीट चालते. मराठीही उत्तम उमटते.

ताई, मुलाच्या बोलण्यातला एक भाग मात्र खरा आहे, आणि तो तुम्हाला आवडणार नाही. पेजमेकर युनिकोड, म्हणजे फोनवर आणि नेटवर सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत, जाणत नाही. श्रीलिपीत टाइप केलेलं मॅटर दुसरीकडे उघडलं की अगम्य खुणा दिसतात. गिऱ्हाईक आता व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये मजकूर पाठवतं आणि तुम्ही तो परत टाइप करता. हे यंत्र आणखी पाच वर्षं चालेल, कदाचित चालणार नाही. लॅपटॉपवर मुक्ता, बालू असे मोफत युनिकोड फॉन्ट घालून महिन्याला एक साधी पत्रिका तिथे करून बघा. स्क्रायबस हे मोफत पान-मांडणीचं साधन आता देवनागरी नीट जोडतं. पेजमेकरची गोडी त्यात लगेच लागणार नाही. पहिल्या दोन पत्रिका घरच्याच कुणाच्या असू द्या.

मुलाला सांगा, लॅपटॉपबरोबर बाहेरची हार्ड डिस्क आणि एक एसएसडीही पाठव, आणि सुट्टीला येशील तेव्हा क्लोनिंग तू कर. ‘भंगारात घाल’ असं म्हणणाऱ्या मुलाला तुमचं कोणतं काम त्या खोक्यात अडकलंय, हे कदाचित माहीतच नसेल. त्याला शेजारी बसवून एक पत्रिका लावून दाखवा.

हार्ड डिस्क रविवारपर्यंत मिळाली, तर दुकान बंद ठेवून कॉपीचं काम उरकून घ्या. कॉपी झाल्यावर त्यातल्या चार-पाच फाइल्स उघडून बघा, आणि मगच त्या कॉम्प्युटरवाल्याला फोन करा. नोटिफिकेशन्सच्या यादीत किती साइट्स निघाल्या, तेही मला जरूर कळवा.